शरणपूर : गुलामांच्या पडावांपासून दुष्काळाच्या पोरांपर्यंत

चर्च मिशनरी सोसायटीचं काम नाशिकला १८३२ साली सुरू झालं. रेव्ह. चार्ल्स फॅरर आणि त्यांच्या पत्नी यांनी मुलामुलींच्या शाळा काढल्या, गोदाकाठच्या यात्रेकरूंशी बोलणं ठेवलं, आणि पुढची वीसेक वर्षं हे काम संथपणे चाललं. बाप्तिस्मा घेणारे थोडे होते. जे घेत त्यांचं घर सुटे, पाणवठा सुटे, बलुतं सुटे. धर्मांतर केल्याने वारसाहक्क जात नाही असा कायदा सरकारने १८५० मध्ये केला होता, पण कायद्याने आडाचं पाणी मिळत नाही. या माणसांनी राहावं कुठे आणि खावं काय, हा रोजचा प्रश्न होता. रेव्ह. विल्यम सॉल्टर प्राइस यांनी १८५४-५५ च्या सुमारास गावाबाहेर पश्चिमेला जमीन घेऊन शरणपूर वसवलं ते या प्रश्नाचं उत्तर म्हणून. घरं, प्रार्थनेची जागा, शाळा, अनाथालय आणि उद्योगशाळा, असा तो पसारा होता.

इथवरची हकिकत महाराष्ट्रातल्या पुष्कळ मिशन वसाहतींची आहे. शरणपूरला वेगळं वळण लागलं ते १८६० मध्ये. त्या वर्षी मुंबईचं आफ्रिकी मुलांचं वसतिगृह नाशिकला हलवण्यात आलं. रेव्ह. कार्ल विल्हेल्म आयझेनबर्ग ते पाहत. मूळचे जर्मन, अ‍ॅबिसिनियात काम केलेले, अम्हारी भाषेचं व्याकरण आणि कोश तयार केलेले हे गृहस्थ होते. त्यांच्याबरोबर आलेली मुलं पूर्व आफ्रिकेच्या पोटातून पळवून आणलेली, विकलेली आणि समुद्रात पकडलेल्या पडावांवरून सोडवलेली होती. ब्रिटिश आरमाराच्या गस्ती बोटी अरबी समुद्रात गुलामांचे पडाव धरत आणि सुटलेल्यांना एडन, सेशेल्स किंवा मुंबई बंदरात उतरवत. मुंबईत ती पोलिसांच्या ताब्यात जात, तिथून कुणी घरकामाला, कुणी गोदीत, कुणी मिशनच्या पदरी. नाशिकला आली ती मुलं अशी.

आपल्या मंडळीच्या इतिहासात हा भाग साधारण एका परिच्छेदात आटोपतो: मिशनरी साहेबांनी दया केली, मुलांना आसरा दिला. हे खरंच आहे. पण ही मुलं मुळात पडावात का होती, हे सांगितल्याशिवाय शरणपूरचा इतिहास अर्धाच राहतो, म्हणून इथे थोडं थांबतो.

त्या काळात गुलामांचा मोठा बाजार झांजिबारला भरे. न्यासा सरोवराच्या आसपासच्या गावांवर धाडी पडत, माणसं किल्वा बंदरापर्यंत चालवत नेली जात. झांजिबारचे ब्रिटिश कॉन्सल कर्नल रिग्बी यांच्या हवाल्याने आफ्रिकेत फिरलेले मिशनरी-प्रवासी डॉ. लिव्हिंग्स्टन यांनी नमूद केलं आहे की एकट्या न्यासा भागातले १९,००० गुलाम दरसाल झांजिबारच्या जकात नाक्यावरून जात. वाटेत मेलेल्यांची गणती त्यात नाही. काही गुलाम अरबस्तानाकडे आणि इराणच्या आखाताकडे जात, पुष्कळसे झांजिबार आणि पेम्बा बेटांवरच्या लवंगांच्या बागांत राबत. याच व्यापाराला हस्तिदंताचा धंदा जोडलेला होता. त्या हस्तिदंताचा मोठा भाग मुंबईला उतरे. गुजरातेत आणि राजस्थानात लग्नाच्या चुड्यासाठी त्याला मागणी होती, बाकीचा लंडनकडे जाई. झांजिबारच्या सुलतानाची जकात कित्येक दशकं जयराम शिवजी या कच्छी भाटिया पेढीकडे मक्त्याने होती, आणि आत जाणाऱ्या तांड्यांना भांडवल पुरवणाऱ्यांत हिंदी सावकार होते. ब्रिटिश प्रजा असलेल्या या हिंदी व्यापाऱ्यांकडचे हजारो गुलाम रिग्बी यांनी १८६० च्या सुमारास मुक्त केले. आपल्या फोडणीतली लवंग आणि नवरीच्या हातातला चुडा त्या पडावांशी असा बांधलेला होता. मुंबईला उतरणारी पोरं आणि मुंबईला उतरणारा माल एकाच समुद्रावरून, एकाच व्यवहारातून येत होते.

मिशनला हे कळत होतं का? निदान सोसायटीच्या मूळ संस्थापकांना कळत होतं. ही सोसायटी लंडनमध्ये १७९९ साली निघाली ती विल्यम विल्बरफोर्स यांच्या गोतावळ्यातून, आणि हेच लोक पार्लमेंटात गुलामांच्या व्यापाराविरुद्ध झगडत होते. १७९१ मध्ये विल्बरफोर्स यांचा ठराव पडला, तेव्हा इंग्लंडमधल्या सामान्य कुटुंबांनी, त्यांत बायकांनी पुढाकार घेऊन, वेस्ट इंडीजची साखर वापरणं सोडलं. सुमारे ३ लाख माणसांनी चहातली साखर बंद केली असा त्या वेळचा अंदाज होता. विल्यम कॅरी, ज्यांनी १८०५ साली मराठीचं व्याकरण छापलं ते बंगालमधल्या श्रीरामपूरचे कॅरी, त्यांनी भारतात येण्याआधी, १७९२ सालच्या आपल्या पुस्तकात या घरांचा उल्लेख केला आहे: साखर सोडून आठवड्याला जे पैसे वाचतात ते मिशनकार्याला द्या. मला ही सूचना फार मोलाची वाटते. दान आणि खरेदी एकाच पाकिटातून होते, तेव्हा दोन्हींचा हिशेब देवापुढे द्यायचा आहे, ही जाणीव तिच्यात आहे.

ती जाणीव तिथेच अडलीही. वेस्ट इंडीजच्या साखरेऐवजी ईस्ट इंडियाची साखर घ्या, ती गुलामांच्या हातची नाही, असा प्रचार १८२० नंतर जोरात झाला. झॅकरी मॅकॉले आणि लिव्हरपूलचे क्वेकर व्यापारी जेम्स क्रॉपर यात पुढे होते. हिंदी साखरेवर जादा जकात होती, ती अन्यायाची आहे असं ते सांगत. अखेर १८३६ मध्ये बंगालच्या साखरेची जकात समान झाली. क्रॉपर स्वतः ती साखर आणून विकत, त्यामुळे त्यांच्या विरोधकांनी त्यांचा स्वार्थ काढला. पण त्याहून मोठी गोष्ट कुणी फारशी विचारली नाही: गुलाम नसलेल्या त्या बंगाली शेतकऱ्याच्या हातात काय पडतं? त्याच पार्लमेंटाने हिंदी कापडावर जबर जकात बसवून आपल्या विणकरांचा धंदा मोडला होता. मिशनरी सभांत साखरेवर भाषणं झाली तेवढी कापडावर झाली नाहीत.

आता शरणपूरला परत येऊ. उद्योगशाळेत सुतारकाम, लोहारकाम, शेतीकाम शिकवलं जाई. वर्गात इंग्रजी आणि मराठी. आफ्रिकेची भाषा बहुतेकांची हळूहळू सुटली. नावंही सुटली. सायमन प्राइस, रिचर्ड आयझेनबर्ग, जेकब वेनराइट, कॅरस फॅरर, मॅथ्यू वेलिंग्टन अशी नावं यादीत दिसतात. त्यांतली काही थेट मिशनऱ्यांची आडनावं आहेत. आईबापांनी ठेवलेली नावं बहुतेकांची आपल्याला माहीत नाहीत, आणि हे नुकसान प्रेमाने केलेलं असलं तरी नुकसानच आहे.

शिकलेल्यांनी परत आफ्रिकेत जावं, हा विचार लवकरच सुरू झाला. १८६४ च्या सुमारास जॉर्ज डेव्हिड, विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर हे तिघे मोम्बासाजवळच्या रबाईला, रेव्ह. योहान रेबमन यांच्या मदतीला गेले. किलिमांजारो पाहणारा पहिला युरोपीय म्हणून रेबमन यांचं नाव घेतात. त्यांच्या त्या एकाकी मिशनला हात मिळाले ते नाशिकहून.

१८६५ मध्ये डॉ. डेव्हिड लिव्हिंग्स्टन मुंबईत आले. आदल्या वर्षी ते आपली छोटी आगबोट ‘लेडी न्यासा’ स्वतः हाकत झांजिबारहून मुंबईला आले होते, आता ती विकून शेवटच्या प्रवासाची तयारी चालली होती. मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रेअर यांचा त्यांना पाठिंबा होता. लिव्हिंग्स्टन नाशिकला आले आणि शरणपूरच्या शाळेतून नऊ तरुण निवडले. जानेवारी १८६६ मध्ये ही मंडळी झांजिबारला निघाली. (लिव्हिंग्स्टन यांचे प्रसिद्ध सेवक चुमा आणि सुसी यांचीही नावं कधीकधी नाशिकच्या खात्यात घातली जातात, ते बरोबर नाही. चुमा मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत होता आणि सुसी गोदीत काम करत असे.)

त्या नऊ जणांची गोष्ट सरळ नाही, आणि ती सरळ करून सांगू नये. लिव्हिंग्स्टन यांच्या रोजनिशीत नाशिकच्या पोरांविषयी तक्रारी आहेत: कामचुकार आहेत, ओझी उचलायला नाखूष आहेत. रिचर्ड आयझेनबर्ग वाटेत वारला. काही जण सोडून गेले. पण लहानपणी ज्या रस्त्याने साखळीत नेलं, त्याच रस्त्याने परत चालत जाणं, आजूबाजूला अजून तेच तांडे जात असताना, हे काय असेल याचा विचार रोजनिशी लिहिणाऱ्याने फारसा केलेला दिसत नाही. शेवटपर्यंत टिकले ते एडवर्ड गार्डनर आणि नॅथॅनियल कुंबा. दोघेही या नऊ जणांतले.

१८७२ मध्ये लिव्हिंग्स्टन यांच्या शोधार्थ निघालेल्या तुकडीबरोबर नाशिकचे आणखी सहा जण गेले. जेकब वेनराइट, जॉन वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन, कॅरस फॅरर, रिचर्ड रटन आणि बेंजामिन रटन. पण त्याआधीच पत्रकार स्टॅन्लीची लिव्हिंग्स्टन यांच्याशी भेट होऊन गेली होती, म्हणून तुकडी मोडली आणि हे सहा जण लिव्हिंग्स्टन यांच्याकडे आत पाठवले गेले. १८७३ च्या मे महिन्याच्या आरंभी, आजच्या झांबियातल्या चितांबो गावात, लिव्हिंग्स्टन वारले.

पुढचं सारं त्यांच्या माणसांनी ठरवलं. हुकूम देणारा कुणी गोरा माणूस जवळपास नव्हता. त्यांनी प्रथम काय केलं तर सामानाची यादी. पेट्या उघडून प्रत्येक वस्तू बाहेर काढली आणि जेकब वेनराइटने ती डॉक्टरांच्याच एका छोट्या वहीत टिपून ठेवली, म्हणजे पुढे कुणी चोरीचा आळ घेऊ नये. लिहिता येणारा माणूस तिथे होता म्हणून हे झालं. मग हृदय आणि आतडी काढून एका पत्र्याच्या डब्यात झाडाखाली पुरली. शरीर मीठ लावून चौदा दिवस उन्हात वाळवलं. जेकबने मृतांच्या संस्काराची उपासना वाचली आणि झाडाच्या खोडावर नाव व तारीख कोरली. त्या खोडाचा तेवढा भाग पुढे कापून लंडनला नेला, तो तिथल्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीकडे आहे. शरणपूरच्या शाळेत गिरवलेल्या अक्षरांचा हा एक नमुना.

शरीर कापडात, झाडाच्या सालीत आणि शिडाच्या कापडात बांधून ते किनाऱ्याकडे निघाले. वाटेत उन्यान्येम्बेला लिव्हिंग्स्टन यांच्या मदतीसाठी निघालेले लेफ्टनंट कॅमेरॉन भेटले. त्यांनी इथेच पुरा म्हणून सल्ला दिला. या माणसांनी ऐकलं नाही. पुढे एका ठिकाणी प्रेत नेऊ देणार नाही म्हणून लोक आडवे आले, तेव्हा त्यांनी खोटं प्रेत बांधून परत पाठवल्याचं सोंग केलं आणि खरं शरीर कापडाच्या गाठोड्यासारखं बांधून पुढे काढलं. फेब्रुवारी १८७४ मध्ये ते बागामोयोला पोचले. तिथे त्यांना पगार देऊन मोकळं करण्यात आलं. इंग्लंडला त्या वेळी गेला तो एकटा जेकब, तोही चर्च मिशनरी सोसायटीने खर्च दिला म्हणून. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेमध्ये शवपेटीच्या मानकऱ्यांत स्टॅन्ली आणि झांजिबारचे ब्रिटिश कॉन्सल डॉ. कर्क यांच्या बरोबरीने हा शरणपूरचा तरुण उभा होता. रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने शरीर किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्या साठ जणांसाठी रुप्याची पदकं केली. ती तयार होईपर्यंत बहुतेक जण पांगले होते.

दरम्यान व्यापारावर घाव बसला होता. १८७१ साली न्यांग्वेच्या बाजारात गुलामांच्या व्यापाऱ्यांनी केलेली कत्तल लिव्हिंग्स्टन यांनी डोळ्यांनी पाहिली. त्यांची पत्रं स्टॅन्लीबरोबर इंग्लंडला पोचली आणि लोकमत पेटलं. सर बार्टल फ्रेअर यांना झांजिबारला पाठवण्यात आलं. त्यांनी सुरू केलेली बोलणी डॉ. कर्क यांनी, आरमाराची धमकी देऊन, तडीला नेली. ५ जून १८७३ रोजी सुलतान बर्गाश यांनी समुद्रमार्गे गुलाम नेण्यावर बंदी घालणारा आणि बाजार बंद करणारा करार केला. त्या बाजाराच्या जागेवर पुढे ख्रिस्तमंदिर उभं राहिलं. लवंगांच्या बागांतली गुलामी मात्र त्यानंतरही काही दशकं चालू राहिली.

सुटलेल्या माणसांना आफ्रिकेतच वसवावं, ही फ्रेअर यांची सूचना. ती पार पाडायला सोसायटीला अनुभवी माणूस हवा होता, आणि तो अनुभव शरणपूरचा होता. रेव्ह. प्राइस १८७४ मध्ये निघाले. मोम्बासा बेटासमोर मुख्य भूमीवर १८७५ मध्ये फ्रेअर टाउन वसलं. नाशिक-मुंबईहून शंभराहून अधिक आफ्रिकी माणसं तिथे गेली: सुतार, लोहार, शिक्षक, त्यांच्या बायका, मुलं. मोम्बासात त्यांना ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणत. धाड येत असेल तर वाजवायची घंटा तिथे उभारली होती, आणि त्या जागेला आजही केंगेलेनी म्हणजे घंटेची जागा म्हणतात.

फ्रेअर टाउनचं सगळंच अभिमानाने सांगावं असं नाही. गुलामीतून सुटलेल्यांच्या त्या गावात मिशनच्या व्यवस्थापकाने माणसांना फटके मारले, कोंडून ठेवलं. १८८० च्या दशकाच्या आरंभी चौकशी झाली आणि त्याला जावं लागलं. प्राइस यांना पुन्हा बोलवावं लागलं. शिकलेल्या बॉम्बे आफ्रिकनांना युरोपीय मिशनऱ्यांच्या हाताखाली, कमी पगारावर राहावं लागे, आणि त्याबद्दलची नाराजी वर्षानुवर्षं धुमसत होती. विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर यांना १८८५ मध्ये बिशप हॅनिंग्टन यांनी डीकन म्हणून दीक्षा दिली. रबाईला पोचल्यापासून त्याला वीस वर्षं होऊन गेली होती. त्याच वर्षी हॅनिंग्टन युगांडाच्या वाटेवर मारले गेले, तेव्हा मागे राहिलेला तांडा सुखरूप परत आणला तो जोन्स यांनी.

रबाई आणि आसपासच्या मिशनांत मालकांकडून पळून आलेले गुलाम लपत होते. मालकांनी ओरड केली. १ जानेवारी १८८९ रोजी ईस्ट आफ्रिका कंपनीने सुमारे १,४०० जणांची किंमत मालकांना मोजली आणि या माणसांना मुक्ततेचे दाखले दिले. ज्यांनी राबवलं त्यांना भरपाई, ज्यांना राबवलं त्यांना कागद. १८३३ च्या कायद्याने वेस्ट इंडीजच्या मालकांना २ कोटी पौंड दिले होते, तोच नमुना.

आफ्रिकी मंडळी गेल्यावर शरणपूर ओस पडलं नाही, कारण १८७६ चा दुष्काळ दारात होता. दख्खनच्या गावागावांतून आईबाप मेलेली पोरं येऊ लागली. १८९६ ते १९०० या वर्षांत पुन्हा तेच. आपल्यातल्या कित्येक घराण्यांची सुरुवात दुष्काळातल्या एखाद्या पोरापासून होते. त्यांना दोन वेळचं जेवण, अक्षरओळख आणि हाताला धंदा मिळाला. हे ऋण मोठं आहे आणि ते मी मनापासून मानतो.

पण १८७६-७८ मध्ये लाखो माणसं मरत असताना हिंदुस्थानातून धान्य परदेशी जात होतं. खुल्या व्यापारात सरकारने हात घालू नये, हे व्हाइसरॉय लिटन यांचं धोरण. सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या मजुराची मजुरी दिवसाला एक रत्तल धान्य आणि वर किरकोळ पैसे इतकी उतरवली. याविरुद्ध आकडे गोळा करून, गावोगाव माणसं पाठवून लिहिलं ते पुण्याच्या सार्वजनिक सभेने, गणेश वासुदेव जोशी आणि न्यायमूर्ती रानडे यांनी. दादाभाई नौरोजी त्याच सुमारास हिंदुस्थानचं दारिद्र्य कुठून येतं याचा हिशेब मांडत होते. गुलामांच्या व्यापाराला देवाच्या नावाने आव्हान देणाऱ्या परंपरेतून आलेलं आपलं मिशन धान्याच्या व्यापारापुढे बहुतांशी गप्प राहिलं. पडाव परक्यांचे होते, धान्याची जहाजं आपल्याच सरकारच्या छत्राखाली जात होती. शरणपूरने उपाशी मुलाला जवळ घेतलं. ते उपाशी का, हा प्रश्न पुण्यात विचारला गेला, ख्रिस्ती नसलेल्या माणसांनी विचारला, आणि आपण तो त्यांच्याकडून शिकायला हवा होता.

विसावं शतक थोडक्यात सांगतो. १९२९ मध्ये नाशिकचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला आणि बिशप फिलिप लॉइड पहिले बिशप झाले. १९७० मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. शहर वाढत वाढत शरणपूरच्या पलीकडे गेलं.

साखर सोडणाऱ्या घरांची परंपरा नंतर दुसऱ्या वाटांनी पुन्हा वर आली. इंग्लंडमध्ये १९७९ साली ख्रिस्ती कार्यकर्त्यांनी ‘ट्रेडक्राफ्ट’ काढली आणि गरीब देशांतल्या कारागिरांचा माल रास्त दराने विकायला सुरुवात केली. मेक्सिकोच्या कॉफी उत्पादकांत राहणारे धर्मगुरू फ्रान्स व्हान डर होफ यांच्या प्रयत्नांतून १९८८ मध्ये हॉलंडमध्ये ‘मॅक्स हावेलार’ हा रास्त व्यापाराचा शिक्का आला. आपल्या मुंबईत सिस्टर इझाबेल मार्टिन यांनी १९८४ मध्ये अंधेरीच्या वस्तीतल्या बायकांबरोबर ‘क्रिएटिव्ह हँडिक्राफ्ट्स’ सुरू केलं. त्या बायका शिवलेले कपडे रास्त व्यापाराच्या रीतीने परदेशी पाठवतात, आणि नफ्यात त्यांचा वाटा असतो. नाशिक जिल्ह्याचा कांदा आणि द्राक्षं जगभर जातात. त्यांचा भाव ठरवताना शेतावरच्या मजुराचा विचार होतो का, हे विचारण्याची जागा आपल्या मंडळीइतकी दुसऱ्या कुणाकडे असेल असं मला वाटत नाही, कारण त्या मजुरांतले पुष्कळ जण आपलेच भाऊबंद आहेत.

जेकब वेनराइट १८९२ मध्ये आजच्या टांझानियात उरांबोला वारला. मॅथ्यू वेलिंग्टन मोम्बासात १९३५ पर्यंत जगला. सोसायटीची पत्रं आणि अहवाल इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठात जपलेले आहेत, पण ते बहुतांशी साहेबांच्या हातचे आहेत. शरणपूरच्या घराघरांतून आजी-आजोबांनी सांगितलेल्या आठवणी, उद्योगशाळेचे दाखले, कुटुंबाच्या बायबलच्या पहिल्या पानावर लिहिलेल्या जन्ममृत्यूच्या नोंदी, जुने फोटो, जे काही असेल ते मंडळीच्या पाळकांना दाखवावं. त्याच्या प्रती काढून मूळ कागद परत दिले जातील. सासरी गेलेल्या मुलींनाही हे कळवावं, कारण पुष्कळ बायबलं त्यांच्याबरोबर गेलेली आहेत.